नोकरी सोडून धंदा करणाऱ्यासाठी पीएमईजीपी: जोखमीतला कोणता वाटा सरकार उचलते आणि कोणता आपल्याकडे राहतो

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेले पीएमईजीपी, ही योजना २००८ पासून चालू आहे. नवा उद्योग काढणाऱ्याला बँकेकडून कर्ज आणि केंद्र सरकारकडून अनुदान असे तिचे स्वरूप आहे. देशपातळीवर ती खादी व ग्रामोद्योग आयोग राबवतो आणि जिल्ह्यात अर्ज आयोग, खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत जातो. तिच्याविषयी कोल्हापुरात कोणाला विचारले की पहिला प्रश्न येतो तो "सबसिडी किती?" हाच. मला मात्र या योजनेची पारख वेगळ्या प्रश्नावर करावीशी वाटते. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी सोडून जो माणूस धंद्यात उतरतो, त्याच्या डोक्यावर येणाऱ्या जोखमीपैकी नेमका कोणता भाग ही योजना उचलते आणि कोणता त्याच्याच अंगावर ठेवते, हे आधी कळले पाहिजे. धाडस करावे की करू नये, याचे उत्तर या हिशेबाशिवाय देता येत नाही.

माझ्या भाचीने या योजनेतून करवीर तालुक्यातील आमच्या गावी कांदा-लसूण चटणीचे युनिट उभे केले आणि त्या सगळ्या प्रक्रियेत मी तिच्याबरोबर होतो, म्हणून हे लिहीत आहे. ती औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात काम करत होती. घरच्या चटणीला ओळखीपाळखीतून मागणी होती, परंतु दुसऱ्याच्या डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून आणलेल्या चटणीवर धंदा उभा राहत नाही. त्यासाठी स्वतःचा डंक, भाजणीची व्यवस्था, पॅकिंगचे यंत्र, अन्न परवाना आणि वर्षभराच्या मिरचीची खरेदी एवढे सगळे लागते. शेजारचे, पैपाहुणे सगळे एकच म्हणत होते की चांगली पर्मनंट नोकरी आहे, कशाला हा व्याप! त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्याकडे शेतकरी कुटुंबाची मिळकत उसाच्या बिलावर चालते आणि अशा घरात महिन्याला ठराविक तारखेला येणारा एक पगार म्हणजे सगळ्या घराचा आधार असतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. मे २०२२ पासून या योजनेत उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा ५० लाख रुपये आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये आहे. सर्वसाधारण गटातील अर्जदाराला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटांसाठी हेच प्रमाण शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के आहे. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाने १० टक्के आणि विशेष गटाने ५ टक्के घालायचा असतो. भाचीचा प्रकल्प १२ लाखांचा होता. म्हणजे तिने घातले ६० हजार, बँकेने दिले ११ लाख ४० हजार, आणि अनुदान झाले ४ लाख २० हजार. अनुदान वजा जाता तिच्या डोक्यावर खरे कर्ज राहते ७ लाख २० हजारांचे. हाच प्रकल्प सर्वसाधारण गटातील एखाद्या पुरुषाने महापालिका हद्दीत काढला असता, तर त्याला १ लाख २० हजार पदरचे घालावे लागले असते आणि अनुदान वजा जाता ९ लाखांचे कर्ज राहिले असते.

शहरी आणि ग्रामीण यातला हा फरक कोल्हापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावा. महापालिका १९७२ मध्ये झाली आणि तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी यांसारखी गावे शहराला इतकी चिकटली आहेत की नवख्या माणसाला शहर कुठे संपले हे कळणार नाही, परंतु तेथे कारभार ग्रामपंचायतीचा आहे. २०२२ च्या बदलांनुसार पंचायत राज संस्थांच्या अखत्यारीतील भाग ग्रामीण धरला जातो. त्यामुळे हद्दीच्या अलीकडे की पलीकडे शेड घ्यायची, या एका निर्णयाने अनुदानात दहा टक्क्यांचा फरक पडतो. जागा ठरवण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. जमिनीची किंमत मात्र प्रकल्प खर्चात धरता येत नाही, त्यामुळे ज्याच्या नावावर गावात परड्याची थोडी जागा आहे, त्याला या योजनेचा लाभ अधिक होतो.

अनुदानाच्या बाबतीत एक गोष्ट समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण तिच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. ही रक्कम हातात मिळत नाही. ती बँकेत कर्जदाराच्या नावे तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच रकमेच्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनंतर युनिट खरोखर चालू आहे याची प्रत्यक्ष पडताळणी झाली की ती कर्जखात्यात वळती होते. मला ही रचना अत्यंत योग्य वाटते. अनुदान लगेच हातात देणाऱ्या योजनांचे काय होते, हे आपण गावोगावी पाहिले आहे. धंदा तीन वर्षे जगवण्याची जबाबदारी येथे उद्योजकावर राहते. त्याच वेळी नियमांत अशीही तरतूद आहे की उद्योजकाच्या हाताबाहेरच्या कारणाने तीन वर्षांच्या आत कर्ज बुडीत गेले, तर अनुदानाची रक्कम कर्ज फेडण्यासाठी वापरली जाते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्या शहराने पाहिले, तेथे या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. शाहूपुरी आणि व्यापारी पेठेतील कित्येक दुकानांत माल ठेवल्या जागी भिजला. अशा नुकसानीत माणूस आळशी होता किंवा त्याचा हिशेब चुकला, असे कोणी म्हणू शकत नाही.

तरीही ही तरतूद म्हणजे विमा नव्हे. यंत्रे आणि माल यांचा विमा वेगळा उतरवावाच लागतो, आणि त्यात पुराचा समावेश आहे का, हे कागद वाचून खात्री करून घ्यावी. आमच्या प्रकल्प अहवालात पुराचा विचार करायला जागाच नव्हती. तो अहवाल एका सल्लागाराकडून करून घेतला होता आणि तो नीट वाचल्यावर मला काळजीच वाटली. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ७० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० असा तक्ता त्यात होता, आणि सल्लागाराकडे असलेल्या बेकरीच्या व फर्निचरच्या अहवालांतही हाच चढता तक्ता जसाच्या तसा होता. कोणत्या महिन्यात किती मिरची घ्यायची, पावसाळ्यात चटणी वाळवायची कुठे, किराणा दुकानदार पैसे किती दिवसांनी देतो, यातले काहीही त्यात नव्हते. ज्या कागदाच्या आधारे माणूस आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेतो, तो कागद केवळ बँकेच्या समाधानासाठी तयार होत असेल तर जोखीम मोजली गेली असे म्हणता येणार नाही. आम्ही शेवटी वहीत स्वतंत्र हिशेब मांडला. पहिले सहा महिने विक्री अपेक्षेच्या निम्मीच झाली तर हप्ता कशातून जाईल, हा त्यातला पहिला प्रश्न होता. योजनेतून कर्ज घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे काम स्वतःच्या हाताने करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता योजनेच्या सर्वांत दुबळ्या बाजूकडे येतो. ती म्हणजे वेळ. अर्ज ऑनलाइन भरण्यात अडचण आली नाही आणि अर्ज पुढे पाठवणाऱ्या कार्यालयातील माणसांनी शंका नीट समजावून सांगितल्या. अर्ज बँकेत पोचल्यावर मात्र सगळे मंदावले. पहिल्याच भेटीत साहेबांनी विचारले, "मॅडम, तुम्हाला नोकरी आहे की, मग कर्ज कशाला?" आणि थोड्याच वेळात पुढचा प्रश्न आला, "नोकरी सोडल्यावर हप्ता कशातून भरणार?" या दोन प्रश्नांच्या मध्ये अर्जदाराने उभे तरी कुठे राहायचे! दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे तेव्हा धोरण होते आणि त्यावरच्या रकमेसाठी तारणाऐवजी हमी देणाऱ्या पतहमी निधीची सोय होती, तरीही शेतीचा सातबारा जोडा, असे सुचवले गेले. भाचीने शांतपणे आणि लेखी नकार दिला, ते योग्यच केले. धंदा बुडाला तर धंदा बुडावा, त्यापायी वडिलांची जमीन जाऊ नये, ही सीमा तिने सुरुवातीलाच आखली होती आणि मला वाटते, जोखीम घेण्यातले खरे शहाणपण अशा सीमा आखण्यातच असते.

विलंबाचा फटका चटणीच्या धंद्याला विशेष बसतो. नवी मिरची बाजारात येते ती साधारण फेब्रुवारीपासून. तिखटपणासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी, दोन्ही त्या दिवसांत घेऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवली तरच वर्षभर दर आणि दर्जा सांभाळता येतो. देठाजवळ जराशी ओल राहिली तरी पावसाळ्यात पाकिटात बुरशी धरते आणि एकदा परत आलेले पाकीट दहा गिऱ्हाईके तोडते. मंजुरी उन्हाळ्याच्या अखेरीस मिळाली, तेव्हा मिरचीचे दर चढले होते आणि ऊन संपत आले होते. योजनेच्या दृष्टीने तो केवळ काही आठवड्यांचा उशीर होता. धंद्याच्या दृष्टीने तो पुढच्या हंगामापर्यंतचा तोटा होता. त्या वर्षी तिने कमी माल केला, महागाची मिरची घेतली, पण ओली मिरची घेतली नाही.

नोकरीचा राजीनामा तिने कर्जाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाल्यानंतरच दिला. सक्तीचे उद्योजकता प्रशिक्षणही तिने नोकरीत असतानाच पूर्ण केले, कारण ते ऑनलाइन करता येते. या प्रशिक्षणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जमाखर्च आणि कर यांची तोंडओळख होते, बाजारपेठेविषयी जे शिकायला हवे ते होत नाही.

आणि बाजारपेठ हीच तर मोठी जोखीम आहे. येथे मला गंगाराम कांबळे यांची आठवण होते. हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि मदत दिली. कांबळे यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला त्या काळी येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. भांडवल दिले आणि पहिले गिऱ्हाईकही महाराजच झाले. नव्या धंद्याला दोन्ही लागते, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वीच दिसले आहे. पीएमईजीपी यातले पहिले काम बऱ्यापैकी करते. दुसऱ्यासाठी प्रदर्शने आणि सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल एवढेच आहे, आणि प्रदर्शनात चार दिवस झालेली विक्री पाचव्या दिवशी संपते. शासकीय वसतिगृहे, आश्रमशाळा, रुग्णालयांची स्वयंपाकघरे यांनी जिल्ह्यातील नव्या युनिटकडून पहिल्या वर्षी ठराविक माल घ्यावा, एवढी तरतूद झाली तरी कित्येकांचे पहिले वर्ष सुखाने पार पडेल.

एक चांगला बदल येथे आवर्जून नोंदवतो. मांसाहारी पदार्थ देणारी हॉटेले आणि ढाबे पूर्वी या योजनेच्या वर्ज्य यादीत होते. २०१८ मध्ये ती अट काढली गेली. तांबडा-पांढरा रस्सा हे ज्या जिल्ह्याचे वैभव आहे, तेथील खानावळी चालवणाऱ्या बायाबापड्यांना यामुळे दार उघडले, आणि तरीही अनेकांना हे अजून ठाऊक नाही. सुरुवातीचे कर्ज नीट फेडणाऱ्या युनिटला विस्तारासाठी एक कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के अनुदानासह दुसरे कर्ज देण्याची सोयही त्याच वर्षी झाली.

कोणी घ्यावी ही योजना? ज्याला कामाची माहिती आहे, ज्याचे पाच-दहा तरी बांधील गिऱ्हाईक आहेत, घरात सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला आहे, त्याने जरूर घ्यावी. भिशीचे पैसे, सोनेतारण किंवा पतसंस्थेचे कर्ज यांपेक्षा ती निश्चितच स्वस्त आणि सुरक्षित पडते. ज्याचा धंदा आधीच चालू आहे, त्याला ती पहिल्यांदा मिळत नाही, कारण ती फक्त नव्या युनिटसाठी आहे. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो, हेही ध्यानात ठेवावे. केवळ अनुदान मिळते म्हणून धंदा शोधणाऱ्याने मात्र नोकरीवरच राहावे. तीन वर्षांनी पडताळणीला माणूस येतो तेव्हा त्याला चालू यंत्र, विजेची बिले आणि विक्रीच्या नोंदी दाखवाव्या लागतात.

ज्यांचा धंदा हंगामावर अवलंबून आहे त्यांनी, म्हणजे मिरची, हळद, काजू, गूळ यांत उतरणाऱ्यांनी, अर्ज हंगामाच्या किमान सहा महिने आधी भरावा. चटणीसाठी तो गणपतीच्या आसपास गेला पाहिजे. यंत्रांची कोटेशने, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, जागा ग्रामीण भागात असल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि शिक्षणाची प्रमाणपत्रे आधीच जुळवून ठेवावीत. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर आठवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा लागतो. बँकेत जे बोलणे होईल ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे. आमच्या बाबतीत तारणाचा विषय अशा एका ईमेलनंतरच मिटला.