पुण्यातला एसएसबी क्लास: मैदानाला पैकीच्या पैकी, मुलाखतीला नाही

बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या सातारकडच्या गावात घरटी एक तरी फौजी. एनडीएची, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झाल्यावर पुढची पायरी एसएसबी: मैदानी टास्क, मानसशास्त्रीय चाचण्या आणि मुलाखत घेऊन होणारी निवड. तिच्यासाठी मी पुण्यात 14 दिवसांचा क्लास लावला.

मैदानावरची तयारी मनापासून आवडली. फळ्या, दोरी, ड्रम घेऊन रोज दोन तास ग्रुप टास्क. मी नुसती ओरडून सूचना द्यायची. सरांनी थांबवून सांगितलं, "आधी समोरच्याचं ऐक, मग दोरी बांध." वर्ड असोसिएशनचा, म्हणजे शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचा, सरावही कडक: 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद. पहिल्या दिवशी माझे 22 कोरे राहिले, शेवटी फक्त 3.

मुलाखतीची तयारी मात्र पटली नाही. 'अधिकारी का व्हायचंय?' याचं एकच छापील उत्तर सगळ्यांना पाठ करायला दिलं! माझं कारण त्यात नव्हतं. बाबा सुट्टीवर आले की त्यांच्या एका लेफ्टनंट साहेबांबद्दल सांगायचे. बर्फात ते जवानांचे पाय स्वतः तपासायचे, सगळे जेवल्यावरच ताट घ्यायचे. मला तसं व्हायचंय. 2022 मध्ये खडकवासल्याला एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हा मी नववीत होते. बाबांनी ती बातमी कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवली. मुलाखतीत मी हेच सांगणार आहे.

मुलींच्या खोल्या स्वच्छ आहेत, पण बाथरूम एकच. पाचच्या पीटीला वेळेवर पोचायचं तर साडेतीनला उठा.