झेनोबायोटिकचं फ्लॅशकार्ड अ‍ॅप: कार्ड्स मस्त, क्विझ गंडलेली

फार्मकॉलॉजीच्या तयारीसाठी एक फ्लॅशकार्ड अ‍ॅप घेतलंय, त्यातला झेनोबायोटिकचा सेट पूर्ण केला, तेवढ्यापुरतंच लिहितोय. व्याख्या सरळ दिलीये, जे केमिकल शरीर स्वतः बनवत नाही आणि एरवी ज्याचं तिथे काही काम नसतं ते झेनोबायोटिक, मग ते औषध असो, कीटकनाशक असो नाहीतर खाण्यातला कृत्रिम रंग. पण भारी आहे ते पुढचं कार्ड. पेनिसिलिन बुरशी बनवते, म्हणून तिच्यासाठी ते घरचंच, तेच आपल्या शरीरात गेलं की झेनोबायोटिक. म्हणजे कोणासाठी परकं हे ठरवल्याशिवाय शब्द वापरताच येत नाही.

पॅरासिटामॉलवाली कार्ड्स तर पैसा वसूल! लिव्हर बहुतेक डोसला ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडतं, मग तो पाण्यात विरघळून लघवीवाटे जातो, थोडासा भाग मात्र सायटोक्रोम पी450 एन्झाइम्समुळे नॅपक्वी नावाच्या विषारी पदार्थात बदलतो, त्याला ग्लुटाथायोन हा शरीरातलाच संरक्षक पदार्थ आवरतो, आणि ओव्हरडोसमध्ये ग्लुटाथायोनच संपत आलं की लिव्हरची वाट लागते. अशा ओव्हरडोसवर उतारा म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीन का देतात तेही इथेच कळतं, त्यातून ग्लुटाथायोन परत तयार होतं.

आणि मग क्विझ. "प्रत्येक झेनोबायोटिक विषारी असतं" याचं उत्तर चक्क "बरोबर" दाखवतंय!! अरे कॅफीन पण झेनोबायोटिकच आहे ना, आणि नेहमीच्या डोसमधलं पॅरासिटामॉल? त्याहून वाईट म्हणजे समानार्थी शब्द म्हणून अँटिजेन दिलाय. अँटिजेन म्हणजे ज्याला इम्यून सिस्टीम ओळखते ते, बहुतेकदा प्रोटीनसारखा मोठा रेणू, आणि तो स्वतःच्या शरीरातलाही असू शकतो (ऑटोइम्यून आजार उगाच होतात का). पेनिसिलिनचा छोटा रेणू एकटा असताना इम्यून सिस्टीमला सहसा जागं करत नाही, प्रोटीनला चिकटला की मग अ‍ॅलर्जीची भानगड.

पर्यावरणाचा भाग तर नुसता उरकलाय, डीडीटी (कीटकनाशक) आणि पीसीबी (कारखान्यांतली रसायनं) यांची नावं टाकून मोकळे. ते लवकर विघटित होत नाहीत, चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वर वर जाताना वाढत जातात, यावर एक तरी कार्ड हवं होतं. अशा टिकून राहणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या 2001 च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराचं तर नावच नाही.

ड्रग मेटाबॉलिझमसाठी बिनधास्त घ्या, क्विझ बंद ठेवा. सध्या पाचपैकी तीन स्टार, अँटिजेनवालं उत्तर बदललं तर चौथा देईन.