संग्रह मोठा, पण कप्पे चुकलेले

प्रायोगिक चित्रपटांचा हा ऑनलाइन संग्रह स्वतःच्या जाहिरातीत ‘वैविध्य’ ठळक अक्षरांत मिरवतो, म्हणून मीही त्याला त्याच कसोटीवर तपासते. मी चित्रपट-संकलन (एडिटिंग) शिकवते. वर्गात दाखवायला लघुपट हवेत म्हणून वर्गणी भरली.

जमेची बाजू मोठी आहे. मोना हातूम, त्रिन्ह टी. मिन्ह-हा, कॉलीन स्मिथ, बार्बरा हॅमर, ट्रेसी मॉफॅट... या दिग्दर्शिकांच्या ज्या चित्रपटांची एरवी धड प्रत मिळत नाही, ते इथे स्वच्छ चित्रासह आहेत. या क्षेत्राचा इतिहास माहीत असेल तर याचं मोल कळतं. न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज या प्रायोगिक चित्रपट जपणाऱ्या संस्थेने १९७०च्या सुमारास ‘आवश्यक’ चित्रपटांची यादी ठरवली, तेव्हा निवड समितीतले पाचही जण पुरुष होते. काय बघण्याजोगं, काय शिकवण्याजोगं हे बराच काळ अशाच याद्यांनी ठरवलं.

खटकतात ते विभाग. ‘रूप आणि तंत्र’मध्ये स्टॅन ब्रॅखेज, मायकल स्नो, पीटर कुबेल्का हे गोरे पुरुष दिग्दर्शक आणि बायकांपैकी एकटी माया डेरेन. वर घेतलेली सगळी नावं ‘ओळख आणि समाज’मध्ये. म्हणजे गोऱ्या पुरुषाने फ्रेमशी झटापट केली की ती कला, आणि कृष्णवर्णीय बाईने केली की ती तिची कैफियत! हे मला अजिबात मान्य नाही.

कॉलीन स्मिथ या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा १९९२चा ‘क्रॉनिकल्स ऑफ अ लाइंग स्पिरिट’ बघा. जेमतेम सहा मिनिटांचा. तीच दृश्यं दोनदा येतात. पहिल्या खेपेला पुरुषी निवेदन तिच्या आवाजावर चढतं. दुसऱ्या खेपेला तिचं बोलणं वर येतं आणि पाहिलेलीच चित्रं वेगळं सांगू लागतात. बोलायचा हक्क कुणाला, हा प्रश्न तिने ध्वनिमिश्रणातच सोडवलाय. सोबतच्या टिपणात मात्र तिच्या वंशाबद्दल दोन परिच्छेद आहेत आणि ध्वनीबद्दल एक ओळही नाही.

दुसरी तक्रार सबटायटल्सची. हातूमच्या ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’मध्ये (१९८८) आईच्या छायाचित्रांवर तिच्याच पत्रांतल्या अरबी ओळी पसरलेल्या आहेत. हातूम ती पत्रं इंग्रजीत वाचते, आणि खाली मायलेकींच्या अरबी गप्पा, हसणं चालू असतं. बैरूतमधली आई आणि लंडनमधली लेक यांच्यामधलं सगळं अंतर या थरांत आहे. इथली सबटायटल्स इंग्रजी वाचन नीट देतात आणि त्या गप्पांच्या जागी ‘मागे संभाषण’ एवढंच लिहून मोकळी होतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला त्या दोघी हसताहेत हेसुद्धा कळणार नाही. चित्रपटाचा अर्धा जीव तिथे आहे हो!

पाचपैकी तीन तारे. वर्गणी मी चालू ठेवणार आहे, ती या प्रतींसाठी. तुम्ही घेतलीत तर विभागांच्या नादी लागू नका, थेट दिग्दर्शकाच्या नावाने शोधा. कुबेल्काचा ‘आर्नुल्फ रायनर’ (१९६०) आणि स्मिथचा चित्रपट पाठोपाठ लावा. लांबी साधारण सारखीच. त्याच्याकडे फक्त काळ्या-पांढऱ्या फ्रेम्स, खरखर आणि शांतता. तिच्याकडे चेहरे, अक्षरं आणि एकमेकांवर चढणारे आवाज. माझ्या वर्गात या जोडीवर जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावरच झाली नाही.