६० हजार रुपये, अबार्थ पुंटो आणि अंबडचं बिनपाटीचं गॅरेज

गाडी घेतली त्याच आठवड्यात वहीत एक पान काढलं होतं. वर लिहिलं ६०,००० आणि खाली तीन ओळी: रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), सायलेन्सर, एअर फिल्टर. त्या तिन्हींपैकी एकही गोष्ट आज माझ्या गाडीत नाही आणि गाडी तेव्हापेक्षा कितीतरी चांगली चालते. ज्या उस्तादांमुळे हे झालं त्यांच्या गॅरेजबद्दल आणि त्यांनी माझ्याकडून करून घेतलेल्या खर्चाबद्दल हे लिहिते आहे. काम जुलै २०२४ मध्ये झालं. त्यावर दोन पावसाळे आणि ११ हजार किलोमीटर गेलेत, म्हणजे नव्या टायरच्या वासाची भूल आता उरलेली नाही.

गाडी फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ ची, काळी, बाजूला लाल पट्टे आणि चाकांवर अबार्थच्या चिन्हातला विंचू. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आपल्या रांजणगावात बनलेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये आली तेव्हा किंमत दहा लाखांच्या जरा आत होती, आणि त्या पैशांत एवढी ताकद दुसरीकडे मिळत नव्हती. मी ती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ६१ हजार किलोमीटरवर घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, "टायर मस्त आहेत, नक्षी बघा." मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे नुसतं बघून माझं भागत नाही. गेज घेऊन मोजलं तर ४.२ मिलिमीटर खोली. १.६ ला टायर बाद होतो. मी खूश झाले. चूक तिथेच झाली होती, पण ते कळायला पुढचा जून उजाडला.

आई पेठला असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी सावळघाटातून जाणं होतं. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता आणि धूळ, तेल, पाणी मिळून रस्त्यावर चिकटा झाला होता. एका डाव्या वळणातून दुसऱ्या गिअरवर बाहेर पडताना मी नेहमीसारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. या इंजिनाचा स्वभाव असा, की दोन हजार आरपीएमच्या खाली ते जवळजवळ झोपलेलं असतं आणि मग सगळा टॉर्क एकदम येतो. तसा तो आला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, स्टीअरिंग हातात हलकं झालं आणि गाडीचं नाक समोरच्या लेनकडे सरकायला लागलं. पाय काढल्यावर ती सावरली. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मी आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मला रिमॅपसाठी ३२ हजारांचा भाव मिळाला होता. "१८० पर्यंत नेऊ, मॅडम." असलेली १४५ रस्त्याला लागत नसताना मी आणखी ३५ विकत घ्यायला निघाले होते.

आमच्या कारखान्यातल्या एका दादांनी या गॅरेजचं नाव सुचवलं. नाव म्हणजे पत्ताच, कारण दारावर पाटी नाही. अंबड लिंक रोडवरून आत वळलं की पत्र्याची शेड, दोन गाड्यांची जागा, एक लिफ्ट आणि बाहेर कडुनिंब. उस्ताद साठीच्या पुढचे. आधी ट्रक, मग जीप, मग इथल्या रॅलींच्या गाड्या अशी त्यांची उमेदवारी. नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे, इथल्या गाड्या घाटात आणि शेतरस्त्यांवर उड्या मारत आल्यात, आणि त्या रात्रीतून दुरुस्त करणारे हात शहरात अजून आहेत. हे त्यांतले.

मी वहीतलं पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि खाली बसून टायरच्या बाजूवरची बारीक अक्षरं बोटाने शोधू लागले.

"ताई, हे वाचा."

डॉट या अक्षरांनंतर शेवटी लंबगोलात चार आकडे होते: १९१६.

"एकोणिसावा आठवडा, सोळा साल. गाडीइतकेच म्हातारे. आता नख रोवून बघा."

नख रुतलंच नाही. नक्षीच्या खोबणीत केसाएवढ्या भेगा होत्या. खोली मी अचूक मोजली होती, पण रबर दगड झालं होतं आणि ते माझ्या गेजला दिसणारं नव्हतं.

"गाडी पळते ती या चार तळहातांएवढ्या जागेवर," ते म्हणाले. "इंजिन त्यानंतर."

मग दोन तास त्यांनी गाडी लिफ्टवर तपासली. मला बाहेर बसवलं नाही, खाली बोलावून एकेक गोष्ट टॉर्चने दाखवली. तपासणीचे ५०० रुपये घेतले आणि काम दिल्यावर ते बिलातून वजा केले. इथेच माझा या गॅरेजवर विश्वास बसला. याआधी मी ज्या ठिकाणी गेले होते तिथे गाडी आत जायची आणि काच ओलांडायला मला मनाई असायची.

टायर चारही बदलले. मिशेलिनचे प्रायमसी ४ एसटी, मूळचाच आकार, १९५/५५ आर १६, ८७ व्ही. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलोचा भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. एकेक ७,४०० ला पडला. टायरच्या दुकानात मला २०५ चे घ्या म्हणून बराच आग्रह झाला, "रुंद दिसतील". मी तिथेच कागदावर हिशेब केला. २०५/५५ घेतला तर चाकाचा व्यास ११ मिलिमीटरने वाढतो, २०५/५० घेतला तर साडेनऊने कमी होतो. दोन्हींत स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो, आणि दुसऱ्यात आधीच १५५ मिलिमीटर असलेली जमिनीपासूनची उंची आणखी घटते. आपल्या गतिरोधकांवर ते परवडत नाही. उस्तादांनी फोनवर एवढंच सांगितलं, "कंपनीने जो नंबर दिलाय तोच घ्या, रबर चांगलं घ्या. आणि दुकानातच आठवडा वाचा." माझे चारही टायर बनून तीन महिन्यांच्या आतले होते. एक आधी जुन्या तारखेचा निघाला, तो मी परत केला.

फरक किती? मुंबई नाक्याच्या पुलाखाली पाणी साचलेलं असतं तिथे पहिल्या दिवशीच कळला. पण खरा कळला त्याच सावळघाटात, त्याच वळणावर, जुलैच्या सरीत. दुसऱ्या गिअरवर टॉर्क आला, स्टीअरिंगमध्ये थोडी ओढ जाणवली आणि गाडी जिकडे वळवली तिकडे गेली. या गाडीचं स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्ता हाताला सांगतं. आठ वर्षांच्या दगडी रबरामुळे ते बोलणं मला तोवर ऐकूच आलं नव्हतं.

दुसरा खर्च ब्रेकवर. बाटलीतलं ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. मला ब्रेक ऑइल म्हणजे फक्त पातळी बघायची गोष्ट वाटायची. ते हवेतलं पाणी शोषतं, रबरी नळ्यांमधूनसुद्धा. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ च्या आसपास येते. कसारा घाट उतरताना डिस्क तापतात, ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पाय पेडलसकट खाली जातो. वेगाचा हिशेबही त्यांनी तिथेच करायला लावला. ६० वरून थांबायला जेवढी ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते, ८० वरून थांबायला त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त लागते, कारण वेगाचा वर्ग होतो. रिमॅप करून मी नेमका तोच वेग वाढवणार होते.

पुढचे पॅड, मागचे पॅड, एक लिटर डॉट ४ ऑइल, चारही कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांच्या, पिना साफ करून ग्रीस. पुढच्या उजव्या कॅलिपरची एक पिन सुकून अडकलीच होती, त्यामुळे तो पॅड तिरका झिजला होता. डिस्कची जाडी मी स्वतः मायक्रोमीटरने मोजली, त्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा बरीच जास्त होती, म्हणून त्या ठेवल्या. मोठ्या डिस्कचं किट घालावं का, असं मी विचारलं तर उस्ताद म्हणाले, "ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. जे आहे ते आधी पूर्ण चालू द्या." नवे पॅड लगेच पकडत नाहीत, त्यांना डिस्कवर बसवावं लागतं. त्यासाठी एका रविवारी पहाटे साडेपाचला दिंडोरी रोडला गेले. ६० वरून २० पर्यंत जोरात पण चाक न अडकवता दहा वेळा आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवून थंड करायचं. आठव्या वेळेला जळका वास आला, नवव्यापासून पेडल बदललं. द्राक्षबागांवर धुकं होतं आणि रस्त्यावर मी एकटीच होते.

पॅडबद्दल तक्रार आहे. काळी भुकटी फार सोडतात, विंचवाची चाकं चार दिवसांत काळवंडतात. थंडीच्या सकाळी पहिले तीन-चार ब्रेक किंचाळतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पकड चोख आहे आणि आवाजाचा दोष कदाचित डिस्कच्या जुन्या कडेचाही असेल.

चाकाला जागेवर धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटले होते. हा भाग सांगायला रंजक नाही, पण मूळ इलाज इथेच होता. बुश फाटला की ब्रेक मारताना चाक आपल्या जागेवरून हलतं, मग अलाइनमेंट कितीही करा, टिकत नाही. फियाटने २०१९ मध्ये इथलं दुकान आवरलं, त्यामुळे सुटा भाग मिळायला १९ दिवस लागले. तेवढे दिवस गाडी उभीच होती. ज्यांना रोज हीच एक गाडी लागते त्यांनी हे धरून चालावं. बुशनंतरचं अलाइनमेंट बाहेर केलं, तिथे पहिल्यांदा स्टीअरिंग उजवीकडे झुकलेलं देऊन "असंच असतं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी उस्ताद स्वतः सोबत आले, यंत्राच्या पडद्यासमोर उभे राहिले, तेव्हा सरळ झालं.

आणि इंजिन? त्यावर साडेतीन हजार खर्च झाले आणि त्यांतून जे मिळालं ते मला रिमॅपच्या जाहिरातीत हवं होतं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीचा क्लॅम्प सैल होता, भोवती तेलाचा ओलावा. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटत होती. नळी आणि क्लॅम्प ९०० रुपये. प्लगमधली फट फीलर गेजने मोजली तर झिजून वाढलेली. टर्बो इंजिनात दाबलेल्या हवेत ठिणगी उडायला प्लग सुदृढ लागतो, नाहीतर नेमकं जोर लावताना इंजिन अडखळतं. चार प्लग २,६००. तिसऱ्या गिअरवर ओझरच्या रस्त्याला गाडी जी ओढली, ती ताकद मी विकत घेतली नव्हती. ती गाडीचीच होती, आठ वर्षांत सांडलेली.

एकूण: टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून ३१,४००, ब्रेकचं सामान ७,५००, बुश ३,८००, नळी आणि प्लग ३,५००, मजुरी ६,५००. झाले ५२,७००. उरलेले ७,३०० मी क्लचसाठी बाजूला ठेवलेत. कारण रिमॅपचं विचारलं तेव्हा उस्तादांचं उत्तर होतं, "टॉर्क वाढला की आधी क्लच घसरतो. त्याचे पैसे हातात असतील तेव्हा या." एअर फिल्टरचं म्हणाल तर बॉनेटमध्ये उघडा बसवलेला शंकू इंजिनाचीच गरम हवा ओढतो, वर अंबडची धूळ. सायलेन्सरचा विचार मी सोडला कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल बसत नाहीत, आणि कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दिवशी समोर येतो, ते वेगळंच.

गॅरेजच्या दोन गोष्टी खटकल्या. छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर हिशेब मिळतो. मी मागितलं तेव्हा सामानाच्या मूळ पावत्या मात्र सगळ्या दिल्या आणि जुने भाग पिशवीत घालून परत दिले. दुसरं, ते फोन उचलत नाहीत. त्याचं कारण समजतं, हात तेलात असतात, पण १९ दिवस वाट बघणाऱ्याला ते जड जातं.

कसारा घाटात या मे महिन्यात बहिणीकडे कल्याणला जाताना पुढचा कंटेनर वळणाच्या पलीकडे अचानक उभा दिसला. गाडीत तिघं आणि डिकी आंब्यांच्या पेट्यांनी भरलेली. पेडल जिथे असायला हवं तिथेच होतं, गाडी सरळ रेषेत थांबली. मागच्या सीटवर आई झोपेतून जागी झाली आणि तिने विचारलं, "आलं का कल्याण?" आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा झाल्यापासून बरेच जण घाट टाळतात. मी अजून घाटानेच जाते.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आधी जा, नंतर दोन्ही जागा भरतात. फोन करत बसू नका. आणि निघण्यापूर्वी आपल्या टायरवरचे ते चार आकडे वाचून ठेवा, ते पहिला प्रश्न तोच विचारतात.