दहा वर्षांचा व्हिसा आणि आमचे ६५ हजार

अक्काच्या बाळंतपणासाठी आई-बाबा ९ मार्च २०२५ ला न्यूजर्सीला गेले. पर्यटक व्हिसाचं काम बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका एजंटने केलं होतं. ते नीट झालं, म्हणूनच पुढे विश्वास बसला. बाबांनी निघताना विचारलं, 'डिसेंबरपर्यंत राहिलं तर चालतंय काय?' तो म्हणाला, 'काका, दहा वर्षांचा व्हिसा आहे तुमचा. मुदत मी वाढवून देतो.' फी आणि वकिलाचे मिळून ६५ हजार मी त्याला यूपीआयने दोनदा करून पाठवले.

दहा वर्षं म्हणजे त्या काळात अमेरिकेच्या दारात जाता येतं, एवढंच. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि पासपोर्ट नंबर घालून सरकारी साइटवर फुकट बघता येते. आई-बाबांची होती ८ सप्टेंबर. आम्ही ऑगस्टपर्यंत ती बघितलीच नव्हती. वर्षातून किती वेळा जावं, याचा आकडा कायद्यात नाही. पण सहा महिने राहून आलेला माणूस महिन्याभरात परत दारात दिसला तर अधिकारी खोदून विचारतो, परतही पाठवू शकतो.

मुदतवाढ मिळते, हे खरं आहे. त्यासाठी आय-५३९ अर्ज मुदत संपायच्या आत, शक्यतो ४५ दिवस आधी करायचा. ऑनलाइन फी ४२० डॉलर. अक्काने घरी बसून केला असता.

ऑगस्टच्या शेवटी एजंटने व्हॉट्सअॅपवर 'मंजुरीचं पत्र' पाठवलं. वर गरुडाचं पुसट चित्र, खाली सही. अक्का बाळाला मांडीवर घेऊन ते वाचत होती. तिला पहिली खटकली ती तारीख. आपल्यासारखा दिवस आधी, महिना नंतर. तिकडे महिना आधी लिहितात. मग पावती क्रमांक. खरा तेरा खुणांचा असतो, तीन अक्षरं आणि दहा आकडे. यात अकराच होते. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या (USCIS) साइटवर घातला तर अशी केसच नाही.

अर्ज कधी झालाच नव्हता. त्या कागदावर विसंबून आई-बाबा थांबले असते तर व्हिसा रद्द झाला असता, आणि मुदतीनंतरचा मुक्काम १८० दिवसांवर गेला असता तर तीन वर्षं प्रवेशबंदी. हे कळल्यावर माझे हातपाय गार पडले. अक्का म्हणाली, अजून दहा दिवस आहेत, मी आजच अर्ज भरते. बाबा ऐकेनात. 'नको बाळ, या वयात कायद्याच्या भानगडी नकोत.' ६ सप्टेंबरला दोघं शहापूरच्या घरी आली. नातू तेव्हा तीन आठवड्यांचा होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन पाच महिने झाले होते. खात्यात काही उरलं नव्हतं. संशय आला त्याच दिवशी फोन करा. आणि कुणी 'अर्ज केला' म्हणालं तर त्याच्याकडून तेरा खुणांचा क्रमांक मागून घ्या, स्वतः साइटवर घालून बघा, मगच पैशांचं बोला. एजंटचा शेवटचा मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे: 'काकांना सांगा, निवांत राहू दे.'