महाराष्ट्र राज्य लॉटरी: ठाण्याच्या स्टॉलपासून वाशीच्या कार्यालयापर्यंत

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळायची रमी, फँटसी क्रिकेट वगैरे मोठ्या अ‍ॅपांनी लगोलग बंद केली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. मग घोड्यांच्या शर्यती वगळल्या तर ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला कायद्याने उघडपणे विकत घेता येईल असं नशिबाचं काय उरतं? स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर चिमट्याला लावलेलं सरकारी तिकीट. ते सेवा म्हणून कसं आहे, ते पाहू.

निकाल आधीच सांगते: पैसे बुडणार नाहीत या अर्थाने विश्वासार्ह, बक्षीस मिळवण्याच्या बाबतीत चिवट कागदपत्रांचं, आणि खेळणाऱ्याला सांभाळण्याच्या बाबतीत फार कमी पडणारं.

मुळात हा सरकारी एकाधिकार येतो कुठून? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार हा राज्यसूचीत आहे, नोंद ३४. पण सरकारने चालवलेली लॉटरी वेगळी काढून केंद्रसूचीत ठेवली आहे, नोंद ४०. त्यानुसार संसदेने लॉटरी (नियमन) अधिनियम, १९९८ केला. सरकार चालवतं म्हणून लॉटरी जुगार राहत नाही असं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सरकारी लॉटरीही जुगारच. फक्त तो जुगार चालवण्याचा हक्क सरकारांकडे आहे. ‘सरकारांकडे’ हे अनेकवचन महत्त्वाचं. महाराष्ट्रात दुसऱ्या राज्यांची तिकिटंही विकली जातात, जीएसटी येण्याआधी त्यावर आपलं राज्य २००६च्या कायद्याने कर घेत असे, आणि बाहेरच्या राज्यांच्या लॉटरीवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला. राज्य सरकारच्या परवानगीशिवाय खासगी माणसाने काढलेली लॉटरी मात्र गुन्हाच आहे. सोसायटीच्या गणपतीत काढलेली पैशाची सोडतसुद्धा त्यातून आपोआप सुटत नाही, हे मंडळांनी लक्षात ठेवावं.

१९९८च्या कायद्याचं कलम ४ म्हणजे या सेवेचा खरा दर्जा. आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एका अंकावर बक्षीस ठेवता येत नाही. तिकीट सरकारनेच छापायचं, त्यावर राज्याची मुद्रा हवी. सोडत सरकारनेच, राज्याच्या हद्दीत काढायची. विक्रीचा पैसा सरकारच्या लोकलेख्यात जमा व्हायचा. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही, आणि बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या खास सोडती, वर्षात सहाच. एका अंकाच्या बंदीमुळे मटक्यासारखे खेळ बाहेर राहतात, कारण मटक्यात एका आकड्यावरही पैसे लावता येतात. (कल्याण मटक्याचा आपल्या जिल्ह्यातल्या कल्याणशी काही संबंध नाही, तो १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी सुरू केला म्हणून ते नाव.) आपली राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ला, मटका जोरात असतानाच सुरू झाली. मटक्याची धुंदी त्याच्या वेगात असते, आणि कागदी लॉटरीचा संथपणा हेच तिचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. आज घेतलेल्या तिकिटाचा निकाल संध्याकाळी किंवा आठवड्याने लागतो, तोवर हरलेला माणूस ‘आता वसूल करतो’ म्हणून पुन्हा पैसे लावत बसत नाही.

या भिंतीला एक भगदाड आहे, तेही नियमांनीच पाडलेलं. बंधन एका लॉटरीपुरतं असल्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या कितीही योजना काढता येतात, आणि २०१०च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला चोवीस सोडतींपर्यंत मुभा दिली. त्याच नियमांत ‘ऑनलाइन लॉटरी’ची व्याख्या आहे. ती फोनवरची नव्हे. विक्रीकेंद्रातल्या मशीनवर तिकीट निघतं आणि त्याच क्षणी तुमचा आकडा मुख्य सर्व्हरवर नोंदला जातो, ती. नेमका हाच शब्द ढाल म्हणून वापरला जातो. काचेला काळा कागद लावलेलं दुकान, आत स्क्रीन, दर पंधरा मिनिटांनी दोन आकडी निकाल, हातात साधी छापील पावती, तिच्यावर ना राज्याचं नाव ना मुद्रा. बोर्डावर ‘ऑनलाइन लॉटरी’ लिहिलेलं असलं तरी ते मटक्याचंच दुकान. ओळखायची खूण सोपी: कोणत्या राज्याची, कोणती योजना, सोडत कुठे आणि कधी, ही चार उत्तरं कागदावर छापलेली नसतील तर उभंही राहू नये.

आता प्रत्यक्ष खरेदी. ठाण्यात स्टेशन परिसरात आणि जांभळी नाक्याच्या बाजूला, वाशीतही स्टेशनजवळ स्टॉल सापडतात. तिकीट हातात घेतल्यावर पुढच्या बाजूला चार गोष्टी पाहा: मालिका, क्रमांक, योजनेचं नाव, सोडतीची तारीख. बहुतेक घोटाळे तारखेचे असतात. कालचं, सोडत होऊन गेलेलं तिकीट गर्दीत सहज खपतं, आणि एकाच नावाची योजना दर आठवड्याला येत असल्यामुळे जुन्या निकालाशी नवं तिकीट ताडून लोक उगाच हुरळतात किंवा चांगलं तिकीट फेकून देतात. मग मागची बाजू वाचा. बक्षीस मागण्याची मुदत, कार्यालयाचा पत्ता आणि अटी तिथे असतात. वाचून झालं की तिथेच पेनने नाव लिहून सही करा. तिकीट ज्याच्या हातात त्याचं, असा हा कागद आहे; सही नसलेलं तिकीट हरवलं तर तुमचं होतं हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, क्रमांकावर घडी घालू नका. तीनाचा आठ करून आणलेली तिकिटं विक्रेत्यांना नेहमी फसवतात, म्हणून क्रमांकापाशी जरा जरी खाडाखोड दिसली की ते तिकीट अडकतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तिकिटाचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे. ‘तुमच्या नंबराला लॉटरी लागली, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा मेसेज आला तर एवढं आठवा की कोणतंही सरकार बक्षीस देण्यासाठी आधी पैसे मागत नाही. कर बक्षिसातूनच कापला जातो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते, नंतर ती हातोहात पुढे सरकते.

पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी २८ होता. तो बक्षिसाची रक्कम वजा करून नव्हे, पूर्ण छापील किमतीवर धरतात आणि किमतीतच सामावलेला असतो. म्हणजे १० रुपयांच्या तिकिटात २ रुपये ८६ पैसे कर. उरलेल्या ७ रुपये १४ पैशांत छपाई, विक्रेत्याचं कमिशन, सरकारचा वाटा आणि सगळी बक्षिसं. शक्यतेचं गणितही करून ठेवावं. समजा एका सोडतीत प्रत्येकी एक लाख तिकिटांच्या दहा मालिका आहेत. पहिलं बक्षीस दहा लाखांत एक. शेवटच्या चार अंकांवर बक्षीस देणारे पन्नास क्रमांक काढले, तर ती शक्यता दोनशेत एक होते. लागोपाठचे दहा क्रमांक घेतल्याने शक्यता दहापट होते, खर्चही दहापट. त्यात कुठलीही युक्ती दडलेली नाही. ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही’ म्हणून तो येणार, हेही खरं नाही.

लहान बक्षीस विक्रेत्याकडेच मिळतं. मोठ्या रकमेसाठी वाशीतल्या राज्य लॉटरीच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची थेट वाशी लोकल पकडावी. घरून निघण्यापूर्वी पत्ता आणि वेळ तिकिटामागच्या मजकुराशी पडताळून घ्यावी. मूळ तिकीट, मागणी अर्ज, पॅन, आधार, फोटो आणि बँक पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश इतकं साधारणपणे लागतं. तिकिटाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ तिकीट दिल्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नसेल, विशेषतः लग्नानंतर बदललेलं असेल, तर आधी ते नीट करून घ्या. फाइल अडण्याची शक्यता तिथेच जास्त. मुदतीत मागणी केली नाही तर बक्षीस कायद्यानेच सरकारचं होतं.

दहा हजारांपेक्षा जास्त बक्षिसावर ३० टक्के टीडीएस कापला जातो. एक लाख लागले तर हातात ७० हजार. उपकर धरून कर ३१.२ टक्के होतो, त्यामुळे विवरणपत्र भरताना आणखी १,२०० द्यावे लागतात. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी करमुक्त मर्यादेचा फायदा या रकमेला नाही, आणि वर्षभरात हरलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. हा कर टाळायला ‘तिकीट आम्हाला द्या, रोख जास्त देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांना काळा पैसा पांढरा करायचा असतो, आणि तुमच्या हातात मात्र हिशेब न देता येणारी रोकड राहते.

सोडत, छपाई, पैशाची हमी यासाठी या सेवेला पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही. पण एकाधिकाराचं समर्थन ‘आम्ही लोकांना वाईटापासून वाचवतो’ असं केलं जातं, आणि त्या कसोटीवर पाचपैकी एकच गुण देता येतो. नॉर्वेतही सरकारी कंपनी नॉर्स्क टिपिंगकडेच लॉटरी आहे, पण तिथे नोंदणी करून खेळावं लागतं आणि महिन्याला २०,००० क्रोनरपेक्षा जास्त हरताच येत नाही. स्वीडनने २०१९ मध्ये ऑनलाइन जुगार परवान्यांना खुला केला, तरी सगळ्या परवानाधारकांना बांधील अशी एकच स्व-बंदीची यादी ठेवली. माणूस स्वतःहून नाव घालतो आणि मग त्यांच्यापैकी कुणाकडेच ऑनलाइन खेळू शकत नाही. सरकारी म्हणजे बिनचूक असंही नाही: जून २०२५ मध्ये नॉर्स्क टिपिंगने युरोसेंटचे क्रोनर करताना शंभरने भागण्याऐवजी गुणलं आणि हजारो लोकांना दहा हजारपट बक्षीस कळवलं. प्रमुखांना पद सोडावं लागलं.

कागदी तिकिटावर खर्चाची मर्यादा घालणं अवघड आहे, हे मान्य. पण तिकिटाच्या मागच्या बाजूला अटींच्या बारीक अक्षरांखाली दोन ओळींची जागा काढणं अवघड नाही: पहिलं बक्षीस किती तिकिटांत एक, आणि सवय सुटत नसेल तर मदतीसाठी १४४१६. हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी, मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.