नागपूरहून सायकलने घाट: चिखलदरा की पचमढी?

नुसती उंची पाहिली तर फारसा फरक नाही. चिखलदरा 1,118 मीटर, पचमढी 1,067 आणि आपलं नागपूर 310 च्या आसपास. म्हणजे मेहनत तेवढीच, असा हिशेब करून निघणारा पचमढीच्या वाटेवर तामियाच्या पुढे फसतो.

चिखलदऱ्याचा रस्ता सरळ स्वभावाचा. काटोल, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा असा संत्र्याचा पट्टा धरला तर अमरावती महामार्गापेक्षा ट्रक कमी लागतात आणि चढ नावालाच. मुक्काम परतवाड्याला. दुसऱ्या दिवशी वर जायला तीसेक किमी, त्यात खरा घाट धामणगाव गढीनंतर. चढायचं एकदाच. पहिला घाट करणाऱ्याने हाच घ्यावा.

पचमढीला मात्र उंची कमवा आणि घालवा असा प्रकार आहे. सौंसरनंतर सिल्लेवानी घाट, मग छिंदवाडा (675 मीटर), त्यापुढे तामिया हजाराच्याही वर. तिथून देलाखारीमार्गे उतरत देनवा नदीच्या खोऱ्यात मटकुलीला आलात की सगळं गमावून पुन्हा तीसेक किमी चढ. पायांना सर्वांत जड हाच जातो, कारण तो तिसऱ्या दिवशी येतो. तेवढे दिवस नसतील तर रेल्वेने इटारसीला गाडी बदलून पिपरियाला उतरा. तिथून पन्नासेक किमी.

रेल्वेच्या लगेज डब्यात सायकल चेनच्या बाजूने कधीच आडवी पडू देऊ नका. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्या पट्टीवर बसतो तो हँगर किंचित वाकतो, सपाट रस्त्यावर कळतही नाही, आणि घाटात सर्वांत हलका गिअर टाकला की चेन थेट आऱ्यांत. डिरेलर काढून फ्रेमला बांधलेला बरा. सुटा हँगर जवळ ठेवा. तो मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, वाटेत मिळत नाही.

गिअर दोन्हीकडे एकच: पुढच्या लहान चक्राला 34 दाते, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किमान 32. मागे 28 असेल तर सामानासकट पायडल फार हळू फिरतं आणि गुडघे बोलायला लागतात.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारा) असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. पंक्चर बहुधा खाली सपाटीवरच होतं, बाभळीच्या काट्याने. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा; मोडकं टोक तिथेच राहिलं तर दुसरीही जाते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे चांगलं. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्यात धुकं आणि शनिवार-रविवारची गाड्यांची रांग. पचमढीत नागपंचमीच्या आधी नागद्वारी यात्रेची गर्दी, तीही बरीचशी आपल्याच विदर्भाची. महाशिवरात्रीला पुन्हा जत्रा. त्या दिवसांत घाटात सायकल नकोच.

वर दोन दिवस राहायचं असेल तर पचमढी सरस. 1,350 मीटरचं धूपगड शिखर तिथेच आहे. चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरणार असाल तर सकाळीच निघा. रस्ता मेळघाटच्या जंगलातून जातो, तिथे अंधारात सायकल चालवू नये.